घरचाच संच असला की घरातल्या गाणाऱ्या बाईचं काय होतं?

पेटीवाली_सून

'साउंड ऑफ म्युझिक' बघून दरवेळी डोळे पुसणाऱ्यांनी आधीच रागावू नका, पण मला त्या पिक्चरपेक्षा पिक्चर संपतो तिथून पुढची गोष्ट जास्त इंटरेस्टिंग वाटते. शेवटी नाझींपासून पळत सगळं कुटुंब डोंगर चढून निघून जातं ना, तो चक्क कात्रजचा घाट दाखवलाय आपल्याला. पिक्चर ज्यांच्यावर बेतलाय ते ऑस्ट्रियातलं खरं गाणारं ट्रॅप कुटुंब १९३८ मध्ये सरळ आगगाडीत बसून इटलीला गेलं. नवरा गेऑर्ग झादरचा जन्मलेला, ते गाव पहिल्या महायुद्धानंतर इटलीकडे गेलेलं, त्यामुळे इटलीचे कागद होते. आणि साल्झबुर्गचा तो डोंगर खरंच चढले असते तर पलीकडे जर्मनीच होती, म्हणजे पळून जायचं कोणापासून आणि पोचायचं कुठे!

तर तिथून अमेरिका. आणि मग पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत नुसते दौरे. बस, हॉल, हॉटेल, परत बस. तीसच्या वर देशांत गायले ते लोक. गेऑर्गच्या पहिल्या बायकोची सात मुलं, दुसऱ्या बायकोची म्हणजे मारियाची स्वतःची तीन, त्यातलं शेवटचं, योहानेस, १९३९ च्या जानेवारीत फिलाडेल्फियात झालं, म्हणजे पहिल्या अमेरिका दौऱ्यात बाई पोटुशी असताना स्टेजवर उभी होती. ह्यावर पिक्चर निघत नाही कारण ह्यात डोंगर नाहीत.

मारियाची थोडी कुंडली सांगते. जन्म २६ जानेवारी १९०५, तोही चालत्या आगगाडीत (दौऱ्याचं नशीब जन्मापासूनच म्हणायचं). आईबाप लवकर गेले. नोनबर्गच्या मठात संन्यासिनी व्हायला गेलेली, तिथून १९२६ मध्ये ट्रॅपांच्या घरी पाठवली ती सगळ्या मुलांची गव्हर्नेस म्हणून नाही, एकाच आजारातून उठलेल्या मुलीला शिकवायला. ती मुलगी म्हणजे मारिया फ्रान्झिस्का, तिला स्कार्लेट फीवर झाला होता, आणि त्याच आजारात १९२२ ला त्या पोरांची सख्खी आई गेलेली. पुढच्याच वर्षी, २६ नोव्हेंबर १९२७ ला लग्न. ती बावीस, तो सत्तेचाळीस. आपल्याकडे सरळ म्हणाले असते बिजवराला दिली. तिने स्वतःच नंतर लिहून ठेवलंय की मी काही त्याच्या प्रेमात नव्हते, मुलं आवडली होती, लग्न जणू मुलांशीच केलं. आता हिशोब बघा, सर्वात मोठा रूपर्ट १९११ चा आणि त्याच्या पाठची आगाथा १९१३ ची, म्हणजे आई आणि थोरल्या सावत्र मुलीत आठ वर्षांचं अंतर. बहिणी शोभल्या असत्या. आणि ह्याच बाईने पुढे ह्याच मुलींना घेऊन संच चालवला.

गाणं मारियाने शिकवलं हेही तितकंसं खरं नाही, मुलं आधीपासून गात-वाजवत होती, बापाचाच हात होता त्यावर. आगाथाने म्हातारपणी आठवणी लिहिल्या त्यात तिला सगळ्यात जास्त कशाने लागलं असेल तर पिक्चरमधला तो शिट्टी वाजवणारा कोरडा बाप. शिट्टी होती म्हणे, पण माणूस प्रेमळ होता.

पैसे का कमवावे लागले तेही पिक्चरमध्ये नाही. तिशीच्या दशकातल्या मंदीत एका ऑस्ट्रियन बँकेत ठेवलेली सगळी पुंजी बुडाली. बंगल्यातल्या खोल्या भाड्याने दिल्या, नोकर कमी केले, आणि तोपर्यंत जे घरातलं गाणं होतं ते बाहेर न्यायची वेळ आली. गेऑर्गला हे आवडत नव्हतं, नौदलातला मानी माणूस, बायकामुलं तिकिटावर गाणार म्हणजे काय. पण मारिया ठाम. फादर वास्नर नावाचे धर्मगुरू घरीच राहायला आलेले, त्यांनी तालीम घ्यायला सुरुवात केली, ते संचाचे खरे म्युझिक डायरेक्टर. १९३६ च्या सुमारास साल्झबुर्गला स्पर्धा जिंकली आणि मग गाडी थांबलीच नाही.

आता मी हे सगळं का लिहितेय. आमचा घरचा संच आहे. अभंग, भक्तिगीतं, थोडी नाट्यगीतं, दिवाळी पहाटेला भावगीतं. पुण्यात असे संच ढिगाने आहेत, गणपतीत कुठल्याही मंडळाच्या मांडवासमोर उभं राहा, एक तरी दिसेल. सासरे गातात आणि संच त्यांच्या नावाचा, सासूबाई निवेदन करतात, अहो तबल्यावर, मी पेटीवर आणि कोरसला. मला बघायला आले तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर गायला सांगितलं, मी गायले, सासऱ्यांनी पट्टी विचारली, आणि मग सासूबाईंकडे असं काही बघितलं की मला वाटलं पसंती झाली. पसंती झालीच होती, पण नणंदेचं लग्न ठरलेलं होतं आणि कोरसला जागा रिकामी होणार होती हे मला सहा महिन्यांनी कळलं.

मला तक्रार करायची नाहीये (म्हणजे थोडी करायचीय). प्रश्न असा आहे की नोकरी आवडली नाही तर राजीनामा देता येतो. पण मालक सासरे असतील, मॅनेजर सासूबाई असतील, आणि तालमीची खोली म्हणजेच घराचा हॉल असेल तर राजीनामा कोणाला द्यायचा आणि देऊन जायचं कुठे? ट्रॅपांच्या मुलींबद्दल वाचताना मला सारखं हेच डोक्यात येत होतं. तिशी उलटेपर्यंत त्या पोरी आईच्या मागे ओळीत उभ्या राहून गात होत्या. एकसारखे कपडे, एकसारख्या वेण्या. कोणीतरी म्हणालं असेल का, की मला नाही यायचं आज?

भर घालावी.


भोंडला_२

वाचतेय. पोह्यांचा किस्सा लै भारी. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).


सदाशिवपेठी_बाणा

लेख चांगला, पण मारियाला सासूच्या भूमिकेत बसवण्याची घाई झालेली दिसते. दहा मुलं, नवरा साठीकडे झुकलेला, देश सुटलेला, भाषा येत नाही, बँक आधीच बुडालेली. ह्या परिस्थितीत बाईने काय करायचं होतं, मुलींना विचारायचं होतं का की बाळांनो तुमचं पॅशन काय आहे? त्या काळात शेतकऱ्याची पोरं शेतात जायची, सुताराची रंधा मारायची, गाणाऱ्यांची गायची. आजच्या चष्म्यातून बघू नये.

बाकी अमेरिकेत व्हरमाँटमध्ये स्टो गावी १९४२ साली शेत घेतलं आणि घर बऱ्यापैकी स्वतःच्या हातांनी उभं केलं, दौरे नसताना. उन्हाळ्यात गाण्याची शिबिरं घ्यायला लागले. १९४७ ला गेऑर्ग गेला, त्याच वर्षी युद्धाने भिकेला लागलेल्या ऑस्ट्रियासाठी मदतनिधी काढला आणि जिथे कार्यक्रम तिथे लोकांकडून कपडे-धान्य गोळा करत फिरले. नवरा गेलेल्या बाईने हे केलंय. त्याचं कौतुक धाग्यात कुठे दिसलं नाही.


पेटीवाली_सून

@सदाशिवपेठी_बाणा, कौतुक आहेच की, ते लिहायच्या ओघात राहिलं. बाई कर्तबगार होती ह्यात वादच नाही. तिच्या मुलींनीच पुढे मुलाखतींत सांगितलंय की आईचा राग भयंकर, दारं आपटायची, आणि पुढच्या मिनिटाला काही झालंच नाही अशी गोड. मारिया फ्रान्झिस्काने तर सांगितलं की आम्ही ते वादळासारखं घ्यायचो, येतं आणि जातं. माझं म्हणणं इतकंच की वादळ घरात येणं वेगळं आणि त्याच वादळाबरोबर बसमध्ये पुढच्या गावाला जाणं वेगळं.

आणि शेतकऱ्याच्या पोराला निदान शेतात तोंड वाकडं करून काम करता येतं हो. आम्हाला हसावं लागतं. भांडण दुपारी झालेलं असो की विंगेत, पडदा गेला की हसायचं, आणि जिच्याशी बोलणं बंद आहे तिच्याच डोळ्यांत बघून समेवर यायचं. हे ज्याने केलंय त्यालाच कळेल.


कोरसमधली

मी केलंय. माहेरचा संच होता, वडील, काका, आम्ही तीन बहिणी. आता बँकेत आहे.

सगळ्यात जास्त आठवतं ते कार्यक्रमानंतरचं. लोकांना वाटतं टाळ्या वाजल्या, सत्कार झाला, नारळ मिळाला, संपलं. मग वायरी गुंडाळायच्या कोणी? साउंडवाला त्याच्या वायरी गुंडाळतो, आमच्या तंबोऱ्यांच्या गवसण्या, पेट्या, स्टँड, सतरंज्या हे सगळं आम्ही मुली. काठापदराच्या साड्या खोचून टेम्पोत सामान चढवायचं, रात्री दीड वाजता इंदापूरच्या पुढे कुठेतरी चहा, आणि सकाळी सातला कॉलेजचं प्रॅक्टिकल. गणपतीचे दहा दिवस पाळी आली तर गोळ्या खायच्या, कारण देवाचं गाणं. हे घरात कोणी सांगितलं नव्हतं, पण गोळ्यांची पाकिटं आईच्या पर्समध्ये असायची.

मी बँकेची परीक्षा दिली तेव्हा वडील रागावले नाहीत, नुसते म्हणाले "मग सेकंड कोण गाणार?" मला आजही वाटतं, ते रागावले असते तर बरं झालं असतं.


चाळीतला_तबला

वरचा प्रतिसाद वाचून दोन मिनिटं काही सुचलं नाही.

ऑस्ट्रियापर्यंत कशाला जायचं म्हणून लिहायला आलो होतो. आपल्याकडे गायिका हिराबाई बडोदेकर आहेत की. त्यांची आई ताराबाई माने १९२२ मध्ये पाच मुलांना घेऊन मुलांचे वडील, गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या घरातून बाहेर पडल्या. मुलांची नावं बदलली, चंपाकली हिराबाई झाली, सकीना सरस्वती झाली, अब्दुल रहमानचे सुरेशबाबू झाले. पाचही पोरं गळ्यात सूर घेऊन आलेली, आणि घर चालवायचं तर गाण्यावरच. पुढे नाटक कंपनी काढली, नूतन संगीत नाट्यशाखा, भावंडं एकत्र, आणि बायकांच्या भूमिका बायकाच करणार. बालगंधर्वांच्या काळात हे म्हणजे धाडसच. कंपनी कर्जात बुडाली आणि ते कर्ज हिराबाईंनी मैफली करून फेडलं. गावोगाव गाऊन.

तिकीट लावून बाईने गायचं हा प्रकार पुढच्यांना सोपा झाला तो हिराबाईंमुळे. त्याआधी बाई गाते म्हणजे कोठीवर असंच लोक धरून चालायचे. त्या काठापदराची साडी नेसून, दोन्ही खांद्यांवर पदर घेऊन, हातवारे न करता गायला बसल्या आणि पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गाने आपल्या मुली गाण्याच्या क्लासला घातल्या. १९७० ला पद्मभूषण, १९८९ ला पुण्यातच गेल्या.

पण धाग्याच्या प्रश्नाला धरून म्हणायचं तर मला जास्त विचार पडतो तो धाकट्या बहिणीचा, सरस्वती राणेंचा. लहानपणापासून स्टेजवर, 'रामराज्य'मधलं गाणं १९४३ मध्ये घराघरात गेलं, ताकदीची गाणारी, आणि तरी कितीतरी लोकांसाठी त्या हिराबाईंच्या बहीणच. दोघींनी मिळून जुगलबंदी गायली, बहिणी-बहिणींनी असं बसून ख्याल गाणं तेव्हा नवीन होतं. दोघींचं एकमेकींशी फार चांगलं होतं असंच सगळे सांगतात, त्यामुळे उगाच काही चिकटवायचं नाही मला.


एफसीरोडी

@चाळीतला_तबला +१. आणि लता मंगेशकर? वडिलांची नाटक कंपनी बळवंत संगीत मंडळी, लहानपणी त्यातच उभी राहिलेली, १९४२ च्या एप्रिलमध्ये दीनानाथ पुण्यात गेले तेव्हा ही अवघी बारा-तेरा वर्षांची आणि मागे चार भावंडं. थोरली मुलगी कमावती झाली की तिला मुलगी म्हणून कोणी बघतच नाही, ती घराचा खांब होते.


सदाशिवपेठी_बाणा

घराचा खांब वगैरे ठीक आहे, पण लतादीदींना कोणी ओळीत उभं केलं नव्हतं. धाग्याचा काश्मीर होऊ नये, वाद चिघळू नये म्हणून थांबतो.


नारायणगावकडचा

पुणे म्हणलं की तुमचं सगळं मुठेच्या अलीकडं संपतं राव. जिल्हा पुणेच आहे आमचा पण.

घरचा संच म्हणजे काय ते तमाशाच्या फडात बघा. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. आजा नारायण, बाप भाऊ, चुलता बापू, भाऊ-बापूंचा फड. पोरगी फडातच वाढली, नाचली, गायली, पुढं फड स्वतःच्या नावावर चालवला. चालू खेळात कळा सुरू झाल्या, मागं जाऊन बाळंत झाली, दगडानं नाळ तोडली आणि परत बोर्डावर आली, ही गोष्ट आमच्याकडं लहान पोराला पण माहितीये. लोक ती अभिमानानं सांगतात. मी लहान होतो तवा मला पण अभिमान वाटायचा. आता वाटतं त्या टायमाला फडात एक माणूस नव्हता का जो म्हणेल की बाई आज बस, आम्ही बघतो. पब्लिकनंच शेवटी पोट मोकळं दिसल्यावर हात जोडले आणि खेळ थांबवला म्हणतात. पब्लिकला कळलं.

राष्ट्रपतींच्या हातून पुरस्कार घेतला बाईनं, आणि २००२ ला गेली तेव्हा हालात. नंतर सरकारनं तिच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. आता बोला.

फडाचं गणित पण सांगतो, शहरातल्या लोकांना ठाऊक नसतं. दसऱ्याला फड बाहेर पडतो ते वैशाखापर्यंत. चैत्रात नारायणगावला राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येऊन तिथं सुपारी ठरवतात. पावसाळ्यात खायला काय? मालकाकडून उचल घ्यायची. उचल फिटत नाही म्हणून पुढचा हंगाम पण तिथंच. आता मालक जर बापच असला तर उचल पण नाही आन् पगार पण नाही, नुसती पोरगी.


पेटीवाली_सून

@नारायणगावकडचा, तुमचं शेवटचं वाक्य मी अहोंना वाचून दाखवलं. ते चहा घेऊन गॅलरीत गेलेत.

विठाबाईंचं माहीत होतं पण "पब्लिकला कळलं" ह्या बाजूने विचार केला नव्हता.


संचवाला

मी असा संच चालवतो, बायको आणि मुलगी गातात, मेव्हणा कीबोर्डला. त्यामुळे दुसरी बाजू मांडतो, पटली तर घ्या.

तुम्हाला वाटतं मालकाच्या खिशात फार जातं. गणपतीत मंडळ सुपारी देतं ती कशी, आधी म्हणणार वर्गणी कमी जमली, मग म्हणणार साउंड तुमचाच आणा, मग कार्यक्रमाच्या दिवशी अर्धे पैसे, उरलेले विसर्जनानंतर. विसर्जनानंतर अध्यक्षांचा फोन लागत नाही. बाहेरच्या तबलजीला नाइट (एका कार्यक्रमाचे पैसे) द्यावीच लागते, तो उद्या येणार नाही. साउंडवाल्याला द्यावीच लागते. टेम्पोचं भाडं, डिझेल, जेवण. हे सगळं वजा जाऊन जे राहतं त्यात घर. मुलीला वेगळी नाइट कुठून देऊ? तिची इंजिनिअरिंगची फी त्यातूनच गेली ना? घरातल्या माणसाला पाकीट द्यायचं म्हणजे उद्या तिने आईला जेवणाचं बिल द्यायचं का?

आणि ट्रॅपांचं म्हणाल तर त्यांना पण सुरुवातीला एजंटने सांगितलं होतं ना की तुमचं चालणार नाही. लोकांना गंमत पाहिजे असते. मारियाने मध्येमध्ये प्रेक्षकांशी बोलायला सुरुवात केली तेव्हा कुठे जम बसला. म्हणजे संच जगवायला कोणीतरी एकाने पुढे होऊन सगळं अंगावर घ्यावंच लागतं. त्याला मग हुकूमशहा म्हणायचं.


कोरसमधली

@संचवाला काका, फी तर नोकरी करणाऱ्या आईबापांनी पण भरलीच असती ना. नोकरीवाल्यांच्या मुली रात्री दीडला टेम्पो भरत नव्हत्या.


संचवाला

बरोबर आहे बेटा. माझी मुलगी पण हेच म्हणते.


हिशेबनीस

व्यवसायाने हिशोब बघतो, गाण्यातलं ओ का ठो कळत नाही, पण पैशाचा मुद्दा निघालाय म्हणून.

काकांचा प्रश्न "कुठून देऊ" हा आहे. माझा प्रश्न वेगळा आहे, चेक कोणाच्या नावाने येतो? सरकारी महोत्सव असो की कंपनीचा कार्यक्रम, पैसे बँकेतून येतात आणि एकाच्या पॅनवर पडतात. वीस वर्षं गाऊन सुनेच्या खात्यात एक रुपया दिसत नाही. मग तिला कर्ज घ्यायचं असेल तर ती गृहिणी. दोन हजार का होईना, प्रत्येक कार्यक्रमाचे ट्रान्सफर करा तिच्या खात्यात, घरखर्चाला परत घ्या हवं तर, पण नोंद राहू द्या.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. राज्य सरकारची वृद्ध कलावंतांना मानधन द्यायची योजना आहे, आता राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालते. तिच्या अर्जाला पुरावे लागतात. जाहिराती, पत्रिका, वर्तमानपत्रातली कात्रणं, प्रमाणपत्रं. माझ्याकडे एक आजी आल्या होत्या, आयुष्यभर नवऱ्याच्या संचात गायलेल्या, ट्रंकभर पॅम्प्लेट घेऊन. आम्ही सगळी जमिनीवर पसरून बघितली. प्रत्येकावर नवऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात आणि खाली "व सहकारी". एकाही कागदावर आजींचं नाव नाही. फोटोत आहेत, मागच्या ओळीत, पण फोटोखाली नाव कोण छापतंय. त्या हसत म्हणाल्या, अहो सहकारी म्हणजे मीच की.


भोंडला_२

बापरे. वाचनखूण साठवतेय.


पेटीवाली_सून

@हिशेबनीस, तुम्ही बरोबर तिथे बोट ठेवलंत जिथे मला ठेवायचं होतं आणि सापडत नव्हतं.

ट्रॅपांचंही हेच की. सुरुवातीला क्वायर, मग फॅमिली सिंगर्स, सगळ्या जगाला फॅमिली माहीत. आणि पिक्चरमध्ये तर सातही मुलांची नावंच बदलून टाकली, थोरल्या रूपर्टच्या जागी थोरली मुलगी आणली. म्हणजे ज्या बायकांनी उभं आयुष्य बसमध्ये काढलं त्यांना लोक विचारणार, तुम्ही त्यातली कोण? मारियाने स्वतः आपल्या आठवणींच्या पुस्तकाचे हक्क जर्मन निर्मात्यांना नऊ हजार डॉलरला देऊन टाकले होते, त्यामुळे जगभर एवढा गल्ला जमला तरी मोठा वाटा दुसऱ्यांचा. म्हणजे पॅम्प्लेटवर जिचं नाव मोठं होतं तीसुद्धा शेवटी कागदावर फसली. @सदाशिवपेठी_बाणा, बघा, ह्या बाबतीत मी तिच्या बाजूने आहे.

मुलींचं पुढे काय झालं ते शोधून वाचलं, मूळ प्रश्न तोच होता. रूपर्ट डॉक्टर झाला, तो सुटला. (तो आणि त्याचा भाऊ वेर्नर युद्धात अमेरिकेच्या सैन्यात गेले होते तेव्हाही संच थांबला नव्हता, मुलींनी ओढला.) आगाथाने संच सोडल्यावर मैत्रिणीबरोबर मेरीलँडमध्ये बालवाडी चालवली, वर्षानुवर्षं, २०१० मध्ये गेली. मार्टिना १९५१ साली बाळंतपणात गेली. मारिया फ्रान्झिस्का पापुआ न्यू गिनीत मिशनचं काम करायला गेली आणि तिथे बरीच वर्षं राहिली, नव्याण्णव वर्षांची होऊन २०१४ मध्ये गेली. आणि रोझमारी, मारियाची स्वतःची थोरली, तिला स्टेजचीच भीती वाटायची. लोकांसमोर गाताना पोटात गोळा यायचा. वडील गेल्यावर ती अगदी कोलमडली, विजेचे झटके देण्याचे उपचार झाले. हे तिनेच मोठेपणी बोलून दाखवलं. आणि नंतर तीच बाई आनंदाने गाणं आणि बासरी शिकवायची, येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांना गायला लावायची, हे वाचून मला फार बरं वाटलं. म्हणजे गाण्याचं वावडं नव्हतंच तिला, ओळीत उभं राहण्याचं होतं.

शेवटी शेवटी लग्न होऊन, कंटाळून एकेक गळत गेले तसे बाहेरचे गायक पगारावर आणून उभे केले, नाव तेच, फॅमिली. बाहेरच्यांना पगार! मी हे वाचून मोठ्याने हसले.


चाळीतला_तबला

बाहेरच्यांना पगार. आमच्याकडेही तेच, मी आजवर पंचवीसेक घरगुती संचांबरोबर वाजवलंय, मला पाकीट मिळतं आणि शेजारी टाळ घेऊन बसलेल्या वहिनींना कधी मिळालेलं बघितलं नाही. आणि खरं सांगू का, माझं पाकीट बऱ्याचदा वहिनीच आणून देतात.


सदाशिवपेठी_बाणा

रोझमारीचं माहीत नव्हतं. तेवढ्यापुरतं मत राखून ठेवतो. तरीही म्हणतो की मारिया नसती तर ह्यातल्या एकाचंही नाव आज आपण पुण्यात बसून घेतलं नसतं.


संचवाला

@हिशेबनीस, एक विचारायचं होतं. आमची दिवाळी पहाट आहे, बॅनर अजून छापायला गेला नाही. त्यावर बायकोचं आणि मुलीचं पूर्ण नाव टाकलं तर ते पुरावा म्हणून चालेल का, की पत्रिकेवरच लागतं? आणि आडनाव, मुलीचं लग्न ठरतंय, माहेरचं टाकू की सासरचं?


हिशेबनीस

बॅनर फाटतो, पत्रिका ठेवा. आयोजकाकडून लेटरहेडवर प्रमाणपत्र घ्या, त्यात तारीख आणि दोघींची नावं वेगवेगळी, "व सहकारी" नको. आडनावाचं मुलीला विचारा, आधार-पॅनवर जे ठेवणार असेल तेच सगळीकडे, नाहीतर पुढे दोन माणसं दिसतात. जुनी पॅम्प्लेट असतील त्यांचे फोटो काढून ठेवा आणि प्रत्येक फोटोखाली कोण कोण बसलंय ते आत्ताच लिहून टाका, अजून सांगणारी माणसं आहेत तोवर.


पेटीवाली_सून

@संचवाला, मुलीचं नाव टाकताय तर मेव्हण्याच्या आधी टाका, कीबोर्डच्या खाली नको. आणि नाइटचं विसरू नका.

आमच्याकडे आज संध्याकाळी बैठक आहे, अजेंडा अहोंनी स्वतः व्हॉट्सअपवर टाकलाय, "मानधन वाटप". सासूबाईंनी खाली अंगठा दाखवलाय, सासऱ्यांनी अजून बघितलेला नाही. काय होतं ते उद्या लिहिते.